शेऱ्याचा रकाना

दौंडच्या खाली भीमेच्या काठावर सकाळी पोचले, तेव्हा काका जाळ्यातली चिलापी सोडवून पाटीत टाकत होते. मी नेहमीसारखी फूटपट्टी आणि वही काढली. पाटीपासून हातभर लांब, वाळूत एक काळपट मासा उताणा पडला होता. अंगावर चिलखत, तोंड पोटाकडे वळलेलं.

“तो नका हात लावू ताई, कापतोय. सकर हाय.”

काचेच्या टाकीतलं शेवाळ खायला लोक विकत आणतात तो हा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. टाकीत मावेनासा झाला की कुणीतरी ‘सोडून देतं’. उजनीत तो सापडतो हे ऐकून होते, पण एवढ्या वरच्या पट्ट्यातली नोंद माझ्या हातातल्या कुठल्याच यादीत नव्हती.

पाठीवरच्या पराच्या काड्या मोजल्या. एक काटा सोडून बारा. म्हणजे टेरिगोप्लिक्थिस या गटातला, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या हायपोस्टोमसला सात-आठच असतात. इथवर सोपं होतं. पुढची ओळख, म्हणजे त्या गटातली नेमकी जात, पोटावरच्या नक्षीवरून ठरवतात: सुटे ठिपके असतील तर पार्डालिस, ठिपके जुळून अळ्यांसारख्या रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. याच्या छातीकडे ठिपके होते आणि शेपटीकडे रेघा. दोन्हींचा संकर असल्यावर असंच दिसतं म्हणतात.

काका जाळं दाखवत होते. सकरचे काटे ताठ उभे राहतात, सोडवायला गेलं की मासाही निघत नाही आणि जाळंही राहत नाही. शेवटी कापायचंच. “बाजारात कोण इचारत न्हाय ह्याला.” चिलापीही बाहेरचीच, आफ्रिकेतली. पण ती विकली जाते, त्यामुळे तिला कुणी परकी म्हणत नाही.

“पहिल्यांदा कधी दिसला, काका?”

“थोरलीचं लगीन झालं, त्या पावसाळ्यात.”

वहीत तारखेचा रकाना होता, लग्नाचा नव्हता. शेऱ्यात लिहून घेतलं.

मासा मेलाय असं समजून ओल्या गोणपाटात गुंडाळून बादलीत टाकला आणि पुण्याला निघाले. दुपारी प्रयोगशाळेत गोणपाट उलगडलं तर गालफडं हलत होती. हा पोटातून हवा घेतो, पाण्याबाहेर तासन्‌तास तगतो, हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते मी! ओशाळून पाण्यात लवंगेचं तेल घातलं आणि तो पूर्ण शांत होईपर्यंत शेजारी बसून राहिले. मग डीएनएसाठी पराचा तुकडा अल्कोहोलमध्ये, मासा फॉर्मेलिनमध्ये. चिठ्ठीवर फक्त ‘टेरिगोप्लिक्थिस’ लिहिलं, पुढे जातीची जागा मोकळी ठेवली.

सरांनी वही पाहिली, शेऱ्यावर बोट ठेवलं. “हे कुठलं साल?”

काकांना फोन लावला.

“साल व्हय? थांबा, हिला इचारतो.” बराच वेळ मागून भांड्यांचे आवाज. मग काकूच फोनवर आल्या. “औंदा तिच्या पोराला पहिलीत घातलंय. आता तुमीच मोजा.”