मागच्या पानावरचं उत्तर

सोमवार

भौतिकशास्त्राच्या पुस्तकाच्या शेवटी छापलेलं उत्तर आणि वहीतलं उत्तर जुळलं नाही, की सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर वहीतलं गणित छापील आकड्याकडे ढकलत नेलं जातं (कुठेतरी दोनने भागलं की जमतंच!), नाहीतर "पुस्तक चुकलंय" म्हणून वही मिटली जाते. तपासणी दोन्हीकडे नाही. खरं तर न जुळलेल्या दोन आकड्यांत बरीच माहिती दडलेली असते आणि ती काढायला फक्त एक भागाकार पुरतो. छापील उत्तराला आपल्या उत्तराने भागायचं आणि काय येतं ते पाहायचं.

१.०२ आलं तर गुरुत्व त्वरण एकाने ९.८ घेतलंय, दुसऱ्याने १०. १.०१ आलं तरी कारण तेच, फक्त ते वर्गमूळातून गाळून आलंय. २० मीटरवरून सोडलेला दगड जमिनीवर आदळताना एकाच्या हिशेबाने सेकंदाला २० मीटर वेगाने जातो, दुसऱ्याच्या हिशेबाने १९.८. ही चूक म्हणून नोंदवायचीच नाही. ३.६ दिसलं की किलोमीटर प्रतितासाचं मीटर प्रतिसेकंदात रूपांतर राहिलंय. १२.९६ दिसलं तर तेच रूपांतर राहून वर वेगाचा वर्गही झालाय. १००० किलोग्रॅमची गाडी ताशी ७२ किलोमीटरने जात असेल तर गतिज ऊर्जा २ लाख ज्यूल. छापील उत्तर २५,९२,००० ज्यूल असेल तर आणखी शोधत बसायची गरज नाही. ९.८ म्हणजे वजन आणि वस्तुमान यांची गल्लत. ४.२ च्या आसपास म्हणजे कॅलरी आणि ज्यूल. तारेच्या रोधात पाव पट उत्तर आलं तर व्यासालाच त्रिज्या धरलंय.

एका ठिकाणी मात्र पाव पट फसवं असतं. ६ ओहम आणि ३ ओहम समांतर जोडले की २ ओहम. पुस्तकात ०.५ छापलं असेल तर भागाकार पावच येतो, पण इथे तारेच्या व्यासाचा संबंधच नाही. १/६ आणि १/३ यांची बेरीज ०.५ आली, पण शेवटी ती व्यस्त (१ भागिले ०.५) करायची राहून गेलीय. अशा वेळी दोन उत्तरांचा गुणाकार करावा, तो बरोबर १ येतो.

कोन असलेल्या गणितात भागाकार वेडावाकडा आला तर आधी कॅल्क्युलेटर पाहावा. साइन ३० ला ०.५ ऐवजी उणे ०.९८८ दाखवत असेल तर तो अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोनाच्या दुसऱ्या एककावर आहे.

बुधवार

आकडेमोडीच्या चुका मला फारशा धोकादायक वाटत नाहीत, त्या पकडल्या जातात. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर आणि उत्तर मात्र अशक्य, हा प्रकार जास्त वाईट. तो छापला जातो, कारण गणित तपासणाऱ्यालाही तेच सूत्र सुचतं आणि तेच उत्तर येतं.

ब्रेकचं गणित घ्या. गाडीचा वेग सेकंदाला २० मीटर, मंदन ४ मीटर प्रतिसेकंद वर्ग. ८ सेकंदांत किती अंतर जाईल? अंतराच्या सूत्रात (वेग × वेळ, वजा अर्धं मंदन × वेळेचा वर्ग) घातलं की १६० वजा १२८, म्हणजे ३२ मीटर. आता ५ सेकंदांसाठी तेच सूत्र लावा, ५० मीटर येतात. म्हणजे ८ सेकंदांत गाडी ५ सेकंदांपेक्षा कमी अंतर गेली! सूत्राला ब्रेक कळत नाही. त्याच्या लेखी पाचव्या सेकंदाला थांबलेली गाडी त्याच त्वरणाने उलटी धावू लागते. खरं उत्तर ५० मीटर. मंदनाचं कोणतंही गणित तपासताना थांबायला लागणारा वेळ आधी काढायचा आणि मग दिलेला वेळ त्याच्याशी ताडून पाहायचा.

घर्षणातही तेच. ५ किलोग्रॅमचा ठोकळा, स्थितिक घर्षणांक ०.४, जोर १० न्यूटन. घर्षण सरसकट १९.६ न्यूटन धरलं तर त्वरण उणे १.९२ येतं, म्हणजे पुढे ढकललेला ठोकळा मागे येतो. १९.६ ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात जेवढा जोर तेवढंच घर्षण, १० न्यूटन, आणि ठोकळा जागच्या जागी. "घर्षण बल किती?" या प्रश्नाला १९.६ हे छापील उत्तर दिसलं की आधी ठोकळा हलतो का ते तपासावं.

तिसरं बर्फाचं. ०° सेल्सिअसचा १०० ग्रॅम बर्फ ६०° च्या १०० ग्रॅम पाण्यात टाकला. सगळा बर्फ वितळेल असं गृहीत धरून समीकरण मांडलं की अंतिम तापमान उणे १० येतं. गरम पाणी ओतल्यावर ० च्या बर्फापेक्षाही थंड मिश्रण! पाण्याकडे ० पर्यंत उतरताना द्यायला ६००० कॅलरी आहेत आणि एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० लागतात. म्हणून ७५ ग्रॅम वितळेल, २५ ग्रॅम उरेल, तापमान ०. बर्फ ५० ग्रॅम असता तर मात्र ते समीकरण चाललं असतं आणि उत्तर १३.३° आलं असतं. म्हणून फक्त आकडे बदलून नवा प्रश्न तयार करणं जोखमीचं. आकड्यांबरोबर कधी कधी भौतिकशास्त्रही बदलतं.

हे पकडायला टोकाच्या किमती उपयोगी पडतात. कप्पीवरच्या दोन वजनांच्या सूत्रात दोन्ही वस्तुमानं सारखी ठेवली तर त्वरण ० यायला हवं, एक ० केलं तर थेट गुरुत्व त्वरण. उताराचा कोन ९० केला तर वस्तू मोकळी पडायला हवी. समांतर जोडणीचा रोध सर्वांत लहान रोधापेक्षा कमीच असणार. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

गुरुवार

दोन रीतींनी सोडवून ताळा पाहायचा, हा सल्ला चांगला पण अर्धाच. ५ मीटर उंचीचा, ३० अंशांचा गुळगुळीत उतार. ऊर्जेने काढा किंवा गतीच्या समीकरणांनी, गुरुत्व त्वरण १० धरलं तर तळाशी वेग १० मीटर प्रतिसेकंदच. पण प्रश्नात "भरीव गोल घरंगळत येतो" असं असेल तर दोन्ही रीती एकमुखाने चुकतात, कारण ऊर्जेचा काही भाग फिरण्यात जातो आणि वेग ८.४५ उरतो. दोन्ही रीतींनी एकच गृहीतक उचललं असेल तर ताळा जुळून उपयोग नाही.

भिंगांबाबत थोडक्यात. चिन्ह संकेत पुस्तकागणिक वेगळे असतात, म्हणून नुसत्या चिन्हाच्या फरकावर वाद घालू नये. १५ सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्गोल भिंगापासून १० सेंमीवर वस्तू ठेवली तर प्रतिमा ३० सेंमीवर, त्याच बाजूला, आभासी आणि तिप्पट. चिन्ह काहीही असो, हे वर्णन बदलता कामा नये. नाभीजवळच्या वस्तूंत मात्र दशांश जपावेत. नाभीय अंतर १० आणि वस्तू १०.२ सेंमीवर असेल तर प्रतिमा ५१० सेंमीवर. मधला व्यस्तांक (१ भागिले १०.२) ०.०९८ असा छाटला तर ५००. पुन्हा तोच दोन टक्क्यांचा फरक, पण इथे गुरुत्वाचा काही संबंध नाही.

शनिवार

काही उत्तरं गणिताने चुकलेली नसतात, आवृत्तीने चुकलेली असतात. प्रश्नातले आकडे बदलले, मागचं पान तसंच राहिलं. ओळखायचं कसं? छापील उत्तर उलटं चालवायचं. दगड ४ सेकंद पडतो, उंची किती? गुरुत्व त्वरण १० धरून यायला हवेत ८० मीटर, छापलेत ४५. ४५ वरून वेळ काढला तर बरोबर ३ सेकंद. उलट्या हिशेबात असा गोल आकडा मिळाला तर जुन्या प्रश्नात तोच होता अशी दाट शक्यता. वेडावाकडा आला तर चूक दुसरीकडे शोधावी. शेजारच्या प्रश्नांची उत्तरंही पाहावीत, एक क्रमांक घसरला की खालची सगळी रांग घसरते.

घातांक खाली उतरणं हा छपाईचा नेहमीचा रोग. ३ × १०८ असं दिसलं तर ते ३२४ नसून ३ गुणिले १० चा आठवा घात, म्हणजे मीटर प्रतिसेकंदात प्रकाशाचा वेग असतो. विजेच्या प्रकरणात मायक्रोचा मिली झालाय का तेही पाहावं, तिथे उत्तर हजारपट सरकतं.

रविवार

आज सिद्धांताची उत्तरं. इथे भागाकार चालत नाही, तारीख पाहावी लागते. किलोग्रॅम म्हणजे प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा, हे २० मे २०१९ पर्यंत बरोबर होतं. त्या दिवसापासून किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावरून ठरतो. मीटर तर १९८३ पासूनच प्रकाशाच्या वेगावर बांधलेला आहे. वायूच्या एका मोलचं आकारमान २२.४ लिटर की २२.७? तापमान ० सेल्सिअस धरलं तर पहिलं एका वातावरण दाबाला, दुसरं एका बार दाबाला. प्रश्नात दाब लिहिलेला नसेल तर दोष प्रश्नाचा.

काही उत्तरं मात्र कधीच बरोबर नव्हती. विमानाच्या पंखावरून जाणाऱ्या हवेला जास्त अंतर कापून खालच्या हवेबरोबरच टोकाला पोहोचायचं असतं, म्हणून ती वेगाने जाते, हे स्पष्टीकरण अजून छापलं जातं. दोन्ही प्रवाह एकाच वेळी पोहोचले पाहिजेत असा कोणताही नियम नाही. वात-बोगद्यात वरची हवा आधी पोहोचताना दिसते.

प्रकाशकाला चूक कळवायची तर "पान अमुक, उत्तर चुकीचं" एवढं पुरत नाही. आवृत्ती आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष, प्रश्न क्रमांक, छापील उत्तर, आपलं उत्तर, वापरलेले स्थिरांक, दोन-तीन ओळींची रीत आणि चूक प्रश्नात आहे की उत्तरात, एवढं सगळं लिहावं. आधी प्रकाशकाचं शुद्धिपत्र पाहावं. चूक प्रश्नात की उत्तरात, हा मुद्दा सर्वांत जास्त राहून जातो. बर्फाच्या गणितात उत्तर ० करता येतं किंवा बर्फ ५० ग्रॅम करता येतो, आणि प्रश्न कोणत्या पाठाखाली आहे त्यावरून कोणती दुरुस्ती योग्य ते ठरतं.