लोट्याची गंधकवाहिनी: शेवटचा टप्पा पाहायला जाणाऱ्यांसाठी

लोटे परशुराम या रत्नागिरी जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतीकडे निघण्यापूर्वी आम्हाला फोनवर सांगण्यात आले होते की, वितळलेल्या गंधकाच्या जॅकेटेड पाइपला (म्हणजे बाहेरच्या पाइपातील, जॅकेटमधील, वाफेने गरम ठेवलेल्या पाइपला) आम्लाने आतून भोक पडले आहे आणि वाफ पूर्ण कोरडी, म्हणजे पाण्याच्या थेंबांविना, आहे. यातले काहीही खरे नव्हते.

खेड स्थानकावर रिक्षात बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे. बॉयलरजवळची वाहिनी उत्तम स्थितीत आहे, तिच्यावर वेळ घालवू नये. पाहायचा तो पाइपरॅकचा (पाइप वाहून नेणाऱ्या उंच सांगाड्याचा) शेवटचा टप्पा. तेथे वाफेची शाखा हेडरच्या (वाफेच्या मुख्य पाइपच्या) बुडातून काढली असून तिच्याआधी स्टीम ट्रॅप (साचलेले पाणी बाहेर टाकणारी झडप) नाही, त्यामुळे हेडरमध्ये साचलेले पाणी वाफेबरोबर थेट जॅकेटमध्ये शिरते. 3 इंची पाइपवर 4 इंची जॅकेट म्हटले की शेड्यूल 40 च्या (म्हणजे प्रमाणित भिंतजाडीच्या) पाइपांत मध्ये जेमतेम 6.7 मिलिमीटर जागा उरते, आणि वाफ आत सोडणारे अर्धा इंची नोझल तिथे काटकोनात जोडल्यास पाण्याचे थेंब भरधाव आतल्या पाइपवर आदळत राहतात. जॅकेट कापल्यावर नोझलच्या नेमका समोर लंबगोल, चकचकीत खड्डा दिसला; त्याच पाइपच्या मागच्या बाजूचा मूळचा काळा थर मात्र शाबूत होता. झीज बाहेरून झाली होती, हे सांगायला आणखी पुरावा नको.

जॅकेटवरून जाडीमापक फिरवण्याचे पैसे कोणी मागितल्यास देऊ नयेत, कारण त्याच्या ध्वनिलहरी मधली वाफेची पोकळी ओलांडून आतल्या पाइपची जाडी सांगू शकत नाहीत. वाहिनी बंद करून नोझलमधून बोअरस्कोप (अरुंद जागेत आत पाहण्याचे उपकरण) घालावा. नोझल तसेच ठेवून नुसता पाइपचा तुकडा बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे, आणि आम्हाला दाखवलेले भरमसाट दरपत्रक नेमके तेवढ्याच कामाचे होते.

नव्याने आराखडा करणाऱ्यांनी शाखा हेडरच्या माथ्यावरून काढावी, जॅकेटच्या आधी सेपरेटर (वाफेतले थेंब वेगळे करणारे पात्र) व ट्रॅप बसवावा आणि नोझल स्पर्शरेषेत जोडावे. त्याचा आतला व्यास दुप्पट केला, तर तेवढ्याच वाफेचा वेग चौथाईवर येतो. आघात झेलणारी पट्टी लावायची असेल, तर तेवढ्या भागात जॅकेट मोठे घ्यावे, नाहीतर वाफेचीच वाट अडते. दाब वाढवण्याचा सल्ला मुळीच ऐकू नये, कारण दाबाबरोबर वाफेचे तापमानही वाढते: 4 बार गेज दाबाची संपृक्त वाफ सुमारे 152 अंशांवर असते आणि 160 अंशांच्या आसपास गंधक एकाएकी घट्ट होऊ लागते.

हा टप्पा सकाळीच चढावा, कारण दुपारी तेथील उष्णतेने माणूस इतका थकतो की समोरचे नोझलही नजरेतून सुटते. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा मॉनिटर खिशात न ठेवता कॉलरला लावावा.