‘वाळवणे’ गैरहजर

शिक्षण परिषदेत ‘सहकारी अध्ययन’, म्हणजे मुलांनी गटात एकमेकांकडून शिकणं, हा विषय निघाला की ठरलेली वाक्यं येतात. “एक लिहितो, तिघं खिडकीबाहेर बघतात.” “नुसता गोंगाट.” मीही मान डोलावणाऱ्यांतलीच. मुरूड तालुक्यातली आमची द्विशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकाच खोलीत माझ्याकडे.

तरी डिसेंबरात एकदा ‘जिगसॉ’ नावाची गटात शिकण्याची पद्धत करून पाहिली. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरनसन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला ही पद्धत काढली. गोरी-काळी मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांशी धड बोलत नव्हती. पाठाचे तुकडे करायचे, प्रत्येकाकडे एकच द्यायचा. बाकीच्यांचं त्याच्यावाचून अडलं पाहिजे.

मी अन्न टिकवण्याचा पाठ घेतला. चौथीत सोळा मुलं, चौघांचे चार गट. वाळवणे, खारवणे, मुरवणे, थंड ठेवणे असे कागद आदल्या दिवशीच वाटले. तिसरीला शुद्धलेखन.

दुसऱ्या दिवशी एका गटातला ‘वाळवणे’ गैरहजर. नवल नाही, म्हावरं उतरलं की तो आईबरोबर वलांडीवर, म्हणजे मासे वाळत घालायच्या मांडवापाशी असतो. आजवर त्याच्या न येण्याची नोंद फक्त हजेरीपटात व्हायची. त्या दिवशी मात्र पहिल्या बाकावरची हुशार मुलगी उभी राहिली. “बाई, आमचं ‘वाळवणे’ आलंच नाही!” दुसऱ्या गटाकडून उतरवून घ्या, असं मी म्हणेपर्यंत तिघं कुंपणाबाहेर. वाडी शाळेच्या पाठीलाच आहे, पण मुलं अशी सुटली हे माझं चुकलंच.

दहा मिनिटांत त्याला घेऊन आली. कागद घरीच राहिलेला. त्याने दोन्ही तर्जन्या वाकवून एकमेकींत अडकवल्या. “बोंबलांची तोंडं अशी अडकवायची. एक इकडं, एक तिकडं. एकटा टाकला तर पडतो.”

“मीठ?”

“नाय. ऊन-वारा लागतो. ढग आले की कुसतात.”

“म्हणजे पाणी जातं ना?”

तो थांबला. “हलका होतो.”

तिने तेच लिहिलं: ‘पाणी जाते, मासा हलका होतो.’

शेजारच्या गटात मात्र एकटीच बोलत होती, तिघं खिडकीबाहेर. त्या चौघांनी आदल्या रात्री पुस्तकातला सगळा पाठ वाचून टाकला होता. मग कुणाचं कुणावाचून अडणार?

पुढच्या परिषदेत हे सांगितलं, तर एक गुरुजी म्हणाले, “आणि तो आलाच नसता तर?” मी गप्प. आता जिगसॉ घ्यायचा असला की होड्या कधी लागणार, ते आदल्या दिवशी त्यालाच विचारते.