लेथ नोंद: हेडस्टॉकला एक तेल, बेडला दुसरं

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतून आणलेला साडेचार फुटी बटाला (पंजाब) बनावटीचा लेथ आता लेव्हल झालाय, मोटर बसवली, स्पिंडल (काम धरून फिरवणारा दांडा) फिरतोय. कापायला सुरुवात करण्याआधी तेलाचं ठरवायचं होतं. मशीनवरची पाटी कधीच गेलेली, त्यामुळे कंपनी काय सांगते हे कळायला मार्ग नाही.

हेडस्टॉकचं, म्हणजे स्पिंडल आणि गिअर असलेल्या पेटीचं, जुनं तेल डांबरासारखं काळं निघालं. डिझेल घालून स्पिंडल हाताने फिरवला, काढलं, परत घातलं. तळाचा गाळ कापडाने पुसून घेतला आणि कोपऱ्यातून चुंबक फिरवलं. गिअरचे दात मात्र छान आहेत.

मग काय घालायचं? ‘२०डब्ल्यू-४० (गाडीचं इंजिन ऑइल) टाका, काही होत नाही,’ असं कोणताही मिस्त्री सांगेल. खरंच, लगेच काही होत नाही. पण इंजिन ऑइलमधली डिटर्जंट द्रव्यं बारीक कण तेलातच तरंगत ठेवतात, कारण गाडीत ते धरायला फिल्टर असतो. आपल्या हेडस्टॉकमध्ये फिल्टर कुठाय? गिअर तेल उडवतात आणि तेच बेअरिंगवर पडतं. इथे कचरा तळाशी बसलेलाच बरा.

आकड्यांचाही घोळ आहे. मशीनच्या तेलाच्या डब्यावर ‘व्हीजी ६८’ असं लिहिलेलं असतं; ४० हा आकडा ६८ पेक्षा लहान, म्हणून २०डब्ल्यू-४० पातळ असेल असं वाटतं. पण ते दोन वेगळे मापदंड आहेत. आयएसओ व्हीजी ६८ म्हणजे ४०° सेल्सिअसला सुमारे ६८ सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं माप). गाडीच्या तेलाचा ४० हा १००° वरच्या मापावरून येतो. ४०° ला ते तेल साधारण व्हीजी १०० च्याही पुढे जातं. म्हणजे ‘चाळीस’ जास्त घट्ट!

परदेशी मॅन्युअलांत हेडस्टॉकला बऱ्याचदा व्हीजी ३२ दिसतं. मी व्हीजी ६८ चं हायड्रॉलिक ऑइल घातलं. आपल्याकडे नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) शेडमध्ये ४५° सहज होतं, त्यात गिअरची उष्णता वेगळी. शिवाय माझा लेथ जुना आणि वेग कमी. हजाराच्या वर आरपीएमवर तासन्‌तास चालवणाऱ्याने ३२ किंवा ४६ बघावं. ६८ ची किंमत डिसेंबरात मोजावी लागेल: १०° ला हेच तेल ४०° च्या मानाने सहाएक पट घट्ट होतं. तेव्हा सकाळी बॅकगिअरवर (वेग कमी करणाऱ्या गिअरवर) थोडा वेळ रिकामं फिरवायचं, मग काम.

गाडीच्या डिफरन्शियलचं जीएल-५ गिअर ऑइल मी लेथमध्ये घालणार नाही. त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं गनमेटलला (तांब्याच्या मिश्रधातूला) बाधू शकतात, आणि एप्रनमधले (सॅडलच्या पुढच्या पेटीतले) बुश गनमेटलचेच आहेत.

बेडची गोष्ट वेगळी. बेडवरून सरकणारा, हत्यार वाहणारा सॅडल अगदी हळू सरकवला की साधं हायड्रॉलिक तेल दाबाखालून निघून जातं. सॅडल अडतो, मग एकदम उडी मारतो. डायल गेज लावून बघा, काटा सरळ सांगतो. स्लाइडवे ऑइल, तेही व्हीजी ६८, चिकट असतं आणि जागेवर टिकतं. ते लावल्यावर काटा सलग फिरायला लागला, क्रॉस-स्लाइडचं हँडलही मऊ झालं. दुसरा फायदा खास नागपुरी: मे महिन्यात वर्कशॉपमध्ये कूलर लावला की उघड्या लोखंडाला रात्रीतून तांबूस झाक येते, तिला हा थर बराच आवरतो. चिकटपणामुळे बर (धातूचा कीस) पण धरून ठेवतो, म्हणून काम संपलं की पुसून नवा हात मारायचा. ग्रीस मात्र बेडवर नको, आणि बॉल ऑइलरमध्ये (तेल घालायच्या छोट्या छिद्रांत) तर मुळीच नको. आतली वाट बुजते.

सोल्युबल ऑइलचा (कापताना गार ठेवणाऱ्या, पाण्यात मिसळलेल्या तेलाचा) पंप अजून जोडलेला नाही. ते पाणी बेडवरचं तेल धुऊन नेतं, त्यामुळे आधी वायपरचे (सॅडलच्या टोकाला बेड पुसणाऱ्या पट्ट्यांचे) नवे फेल्ट कापून बसवतो.

स्लाइडवे ऑइल सुटं मिळेना, २० लिटरची बादली घ्यावी लागली. एवढं माझ्या बेडला कित्येक वर्षं पुरेल. नागपुरात कोणाला वाटून हवं असेल तर या, डबा तेवढा आपला आणा.