पाच वर्षांचे घड्याळ आणि पंधरा दिवसांचे दार

मी अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या निबंधक कार्यालयात काम करते. दुसऱ्या कॉलेजांतून बदलून आलेल्या विद्यार्थ्यांची क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या कोर्सचे श्रेयांक) तपासायची आणि त्यांतली कोणती आमच्याकडच्या पदवीसाठी धरता येतील हे ठरवायचे, हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. जानेवारीत सर्वांत आधी हाती येतात त्या फुटबॉल खेळाडूंच्या गुणपत्रिका, कारण सत्र काही दिवसांवर आलेले असते आणि मुलाचे नाव वर्गाच्या यादीत वेळेत लागले नाही तर पुढचे सगळेच अडते. (हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लंबगोल चेंडूने खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल.) कॉलेज फुटबॉलमधील बदल्यांविषयी वर्तमानपत्रांत रोज लिहून येते, परंतु तो मजकूर बहुतेक पैशांविषयी आणि कोर्टकचेऱ्यांविषयी असतो. माझ्या टेबलावरून या प्रश्नाची जी बाजू दिसते तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा तीन सत्रे पुरी करून आमच्याकडे आला. त्याच्याजवळ 47 क्रेडिट्स होती आणि त्याला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचे होते. आधीच्या कॉलेजात केलेल्या भूमापनाच्या कोर्सचा अभ्यासक्रम त्याने छापून, टाचून आणला होता आणि आमच्या कोर्सशी जुळणाऱ्या ओळींवर पिवळ्या पेनाने खुणा केल्या होत्या. मी सगळे तपासले तेव्हा त्याची 47 च्या 47 क्रेडिट्स विद्यापीठाने स्वीकारली, पण सिव्हिलच्या पदवीसाठी त्यांतली फक्त 22 लागू पडत होती. तिसरे वर्ष सुरू होण्यापूर्वी पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण झालेला असावा लागतो, म्हणजे 120 क्रेडिट्सच्या पदवीसाठी 48. पुढच्या सत्रातली 15 आणि उन्हाळ्यात झेपतील तेवढी 9 धरली तरी बेरीज 46 होत होती. दुसऱ्या एका मोकळ्याढाकळ्या अभ्यासक्रमात, जिथे जवळपास कोणताही विषय ऐच्छिक म्हणून बसतो, त्याची 36 क्रेडिट्स लागू होत होती आणि तिथे तो सहज पात्र ठरत होता. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘‘मॅम, यांतल्या कोणत्या कागदावर मी सप्टेंबरमध्ये खेळू शकतो?’’ मी दुसऱ्यावर बोट ठेवले. त्याने सही केली आणि पिवळ्या खुणांची पाने परत बॅगेत घातली.

या घटनेत कोणीही नियम मोडला नव्हता. म्हणूनच ती माझ्या मनातून जात नाही.

पात्रतेचा मूळ नियम सांगायला सोपा आहे. कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत खेळाडूला चार हंगाम खेळता येतात आणि त्यासाठी पाच वर्षे मिळतात. कोणत्याही कॉलेजात पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून नाव घातले की हे घड्याळ सुरू होते. मग ते दोन वर्षांचे ज्युनिअर कॉलेज असो की मोठे विद्यापीठ, मुलगा मैदानावर उतरलेला असो वा नसो, काही ठरावीक अपवाद सोडले तर घड्याळ थांबत नाही. जे एक वर्ष हाती जादा राहते ते पूर्वी बहुधा पहिल्याच वर्षी वापरले जायचे. मुलाने सराव करायचा, वजन-ताकद वाढवायची, सामना मात्र खेळायचा नाही, याला रेडशर्ट म्हणतात. 2018 पासून रेडशर्टच्या वर्षातही चार सामन्यांपर्यंत खेळायची मुभा मिळाली. ही सवलत नवख्या मुलांना अनुभव मिळावा म्हणून होती, पण तिचा दुसराही उपयोग होतो हे लवकरच दिसले. सप्टेंबर 2024 मध्ये यूएनएलव्हीचा (लास व्हेगासमधील नेवाडा विद्यापीठाचा) क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, मॅथ्यू स्लूका संघाने पहिले तिन्ही सामने जिंकलेले असताना संघ सोडून निघाला, कारण चौथ्या सामन्यापुढे खेळला असता तर तो हंगाम त्याच्या खात्यातून वजा झाला असता. कबूल केलेली रक्कम मिळाली नाही असे त्याच्या बाजूचे म्हणणे होते, तर विद्यापीठाने असा करार झाल्याचे नाकारले. खरेखोटे काहीही असो, त्या मुलाने घड्याळाकडे पाहून पाऊल उचलले होते.

बदल्यांचा जुना कायदा फार कठोर होता, आणि त्याविषयी आज काही जण हळवेपणाने बोलतात ते मला मान्य नाही. दुसऱ्या कॉलेजात गेलेल्या फुटबॉलपटूला एक वर्ष बाहेर बसावे लागे आणि त्या वर्षातही घड्याळ चालूच राही. ज्याचे रेडशर्ट वर्ष आधीच खर्च झाले आहे त्याचा म्हणून एक हंगाम बुडे. त्यावर कोणकोणत्या कॉलेजांशी बोलायचे याची परवानगी जुन्या कॉलेजाकडून घ्यावी लागे आणि काही प्रशिक्षक नको असलेल्या प्रतिस्पर्ध्यांची नावे सरळ कापून टाकत. प्रशिक्षक स्वतः मात्र करार मोडून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संघाचा झेंडा हाती घेऊ शकत असे. बेकर मेफील्ड टेक्सस टेकमध्ये शिष्यवृत्तीशिवाय खेळत होता. तिथून तो ओक्लाहोमाला गेला, 2014 चा हंगाम बाहेर बसला आणि दोन्ही विद्यापीठे एकाच परिषदेतील, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एकाच गटातील, असल्यामुळे त्याचे एक वर्ष कायमचे जाणार होते. 2016 मध्ये बिग ट्वेल्व्ह परिषदेने त्यावर मतदान घेतले तेव्हा प्रथम 5 विरुद्ध 5 अशी बरोबरी झाली आणि नंतर थोडी दुरुस्ती करून 7 विरुद्ध 3 मतांनी त्याला वर्ष परत मिळाले. त्याच वर्षाच्या बळावर तो 2017 मध्ये खेळला आणि सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी घेऊन गेला. ती बरोबरी टिकली असती तर हे घडले नसते.

त्या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र मला मनापासून पटत असे. पदवी पूर्ण केलेल्या खेळाडूला बाहेर न बसता लगेच दुसरीकडे खेळता येत होते. रसेल विल्सनने नॉर्थ कॅरोलायना स्टेटमधून पदवी घेतली आणि 2011 चा हंगाम विस्कॉन्सिनकडून खेळला. जो बरोने ओहायो स्टेटची पदवी तीन वर्षांत संपवली, 2018 मध्ये तो एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) गेला आणि 2019 मध्ये संघाने 15 पैकी 15 सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. जेलन हर्ट्स अलाबामाची पदवी हातात घेऊनच ओक्लाहोमाला गेला. तिघांनीही आधी शिक्षणाचे काम पूर्ण केले होते, त्यामुळे त्यांची क्रेडिट्स कुठे लागू होतील हा प्रश्नच उरला नाही.

पुढे बंधने एकामागून एक सुटत गेली. ऑक्टोबर 2018 मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे बदली हवी असलेल्या खेळाडूंची नावे नोंदवण्याची यादी, सुरू झाले. आता परवानगी मागायची गरज नव्हती, खेळाडूने लेखी कळवायचे आणि कॉलेजाने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचे नाव नोंदवायचे. एप्रिल 2021 मध्ये सर्वांना एकदा न थांबता बदली करण्याची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमावता येऊ लागले. दुसऱ्यांदा बदली करणाऱ्याला मात्र सवलतीसाठी अर्ज करावा लागे. त्या अर्जांचे काय होते, हे 2023 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या टेझ वॉकरच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिले. त्याचे पहिले कॉलेज नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल. तिथला हंगाम कोविडमुळे रद्द झाल्याने त्याने तिथे एकही सामना खेळला नव्हता, तरी केंट स्टेटहून पुढे येताना ती त्याची दुसरी बदली धरली गेली आणि अर्ज फेटाळला गेला. चार सामने गेल्यावर ऑक्टोबरमध्ये निर्णय फिरला. त्या डिसेंबरमध्ये पश्चिम व्हर्जिनियातील संघीय न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी या नियमालाच स्थगिती दिली आणि एप्रिल 2024 मध्ये एनसीएएने बदल्यांच्या संख्येवरची मर्यादा उठवली. अट एकच राहिली, ती अभ्यासाची: जुने कॉलेज सोडताना मुलगा शैक्षणिकदृष्ट्या पात्र असावा आणि नव्या कॉलेजात त्याची पदवीकडे पुरेशी वाटचाल झालेली असावी.

वाटचाल किती, ते आकड्यांत ठरलेले आहे. तिसऱ्या वर्षापूर्वी पदवीचा 40 टक्के भाग, चौथ्यापूर्वी 60 टक्के आणि पाचव्यापूर्वी 80 टक्के. एकाच ठिकाणी राहणाऱ्या मुलाला हे जड जात नाही. परंतु प्रत्येक बदलीत काही क्रेडिट्स गळतात, कारण दुसऱ्या विद्यापीठाने एखादा कोर्स स्वीकारणे वेगळे आणि तो विशिष्ट पदवीसाठी मोजणे वेगळे. हा फरक मला दर वर्षी कितीतरी पालकांना समजावून सांगावा लागतो. मग टक्केवारी गाठण्यासाठी मुलगा असा अभ्यासक्रम निवडतो ज्यात काहीही बसते, आणि जे शिकायला तो घरून निघाला होता ते मागे पडते. बाहेर बसण्याचे वर्ष गेले ते योग्यच झाले, पण त्या वर्षात मुलाला अभ्यास सावरायला जो अवकाश मिळत असे तोही त्याच्याबरोबर गेला, ही गोष्ट नियम बदलताना कोणी पुरेशी लक्षात घेतली नाही असे माझे मत आहे.

दरम्यान खुद्द घड्याळही न्यायालयात पोहोचले आहे. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक डिएगो पाविया 2020 आणि 2021 मध्ये न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या दोन वर्षांच्या कॉलेजात होता, पुढची दोन वर्षे न्यू मेक्सिको स्टेटमध्ये. ज्युनिअर कॉलेजातील हंगाम मोजल्यामुळे आपली कमाईची संधी हिरावली जाते, असा त्याचा दावा होता. 18 डिसेंबर 2024 रोजी संघीय न्यायाधीश विल्यम कॅम्पबेल यांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि एनसीएएने त्याच्यासारख्या इतरांनाही 2025-26 साठी एक हंगाम वाढवून दिला. तेव्हापासून निरनिराळ्या न्यायालयांत अशा फिर्यादी दाखल होत आहेत आणि सारख्याच परिस्थितीतल्या दोन मुलांना दोन न्यायालयांत दोन उत्तरे मिळत आहेत. पावियाविषयी मला आदर वाटतो. ज्याला मोठ्या विद्यापीठांनी शाळेतून घेतले नाही त्याने ऑक्टोबर 2024 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला 40-35 असे हरवले. तरीही प्रत्येक वाढीव हंगामाची किंमत कोणीतरी मोजतच असते. जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या, खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या हाउस खटल्याच्या तडजोडीनंतर त्या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांना फुटबॉल संघात 105 खेळाडू ठेवता येतात. तेवीस-चोवीस वर्षांचा तयार गडी आणखी वर्षभर राहिला की शाळेतून येणाऱ्या अठरा वर्षांच्या एका मुलाची जागा कमी होते, आणि त्या मुलाची फिर्याद कोणत्याही न्यायालयात येत नाही.

पैशांविषयी थोडक्यात सांगते. त्याच तडजोडीमुळे 2025-26 मध्ये प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट देऊ शकते. खेळाडूंच्या श्रमावर इतकी वर्षे इतरांनी पैसा केला, तेव्हा त्यांना वाटा मिळतो याचा मला आनंदच आहे. पण मोठी रक्कम मिळणारी मुले थोडी असतात, आणि पोर्टलमध्ये नाव घातल्यावर जुने कॉलेज ते सत्र संपताच शिष्यवृत्ती थांबवू शकते, हे पुष्कळांना नाव घातल्यानंतर कळते. ज्याला नवे कॉलेज मिळत नाही त्याच्या हाती अर्धी पदवी आणि अर्धे संपलेले घड्याळ राहते.

आता फुटबॉलपटूंना नाव नोंदवण्यासाठी वसंतातली मुदत उरलेली नाही. यंदा 2 ते 16 जानेवारी 2026 हीच एक खिडकी होती. पंधरा दिवसांत मुलाने संघ पाहायचा, प्रशिक्षक पाहायचा, पैशांचे बोलायचे आणि सत्र सुरू होण्याआधी सामान हलवायचे. क्रेडिट्सचा हिशेब बहुतेकदा सही झाल्यानंतर होतो. माझी मागणी साधी आहे: ज्या विद्यापीठाला मुलगा हवा आहे त्याने सही घेण्याआधी, मुलाने निवडलेल्या पदवीसाठी किती क्रेडिट्स लागू होतील याचा लेखी हिशेब त्याच्या हाती द्यावा, आणि त्याची खेळण्याची वर्षे संपल्यावरही ती पदवी पूर्ण होईपर्यंत फी भरावी. दूरचित्रवाणीवर एक वाक्य सांगायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ मला एक गुणपत्रिका वरवर पाहायला लागतो. नीट तपासायला एक दुपार पुरते. पंधरा दिवसांत एक दुपार काढणे कोणत्याही क्रीडा विभागाला अशक्य नाही.

यंदा 9 जानेवारीला एका मुलाने फोन केला. त्याची आईही त्याच फोनवर होती. त्याने अजून कुठेच सही केली नव्हती. आमच्याकडे आला तर मेकॅनिकलसाठी त्याचे किती कोर्स धरले जातील, एवढेच त्याला विचारायचे होते. अर्ज येईपर्यंत मला अधिकृत उत्तर देता येत नाही हे मी सांगितले, तरी तो एकेक कोर्स वाचत गेला आणि मी आमच्या यादीशी ताडून पाहत गेले. चाळीस मिनिटे लागली. 60 पैकी 53 क्रेडिट्स बसतील असे दिसत होते. आईने न बसणाऱ्या कोर्सची नावे पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावली, आणि लिहून घेताना प्रत्येक नावानंतर ती मुलाला विचारत होती, ‘‘हे उन्हाळ्यात करशील ना?’’