बादलीतलं कासव आणि पेट्रोलचे पैसे

कुपांग या इंडोनेशियातल्या शहरात आमच्या कासवांच्या सेंटरवर दिवस टाक्यांचं पाणी बदलण्यात सुरू होतो आणि फॉर्म भरण्यात संपतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण रोटेहून फेरीबोटीनं बादली घेऊन आलेला तो माणूस डोक्यातून जात नाहीये.

रोटे म्हणजे इंडोनेशियाच्या पार दक्षिणेचं छोटं बेट, जिकडेतिकडे ताड, आपल्या डहाणू-पालघरकडचाच. इथल्या तळ्यांत आणि भातखाचरांत लांब मानेचं एक कासव असायचं, तिमोर-लेस्तेतलं त्याचं जवळचं भावंड सोडलं तर जगात कुठंच नाही. मान कवचात ओढून घेता येत नाही त्याला, आडवी दुमडून कडेखाली सारतं. 1994 ला वेगळी जात म्हणून नाव मिळालं आणि लगेच परदेशातले हौशी मागे लागले, 2004 ला साइटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये आलं तोवर तळी जवळजवळ साफ झालेली. 2021 मध्ये सिंगापूरहून 13 कासवं विमानानं इथं परत आणली, म्हणजे काय अवस्था आहे बघा.

तर हा माणूस. बादलीवर ओलं गोणपाट, आत मादी. "बू दोक्तेर (डॉक्टरबाई), पोराला सापडलं." कुठं? "तळ्यात." कुठल्या? त्यावर गप्प.

पाळलेल्या कासवाला ओळखीची चिप बसवलेली असू शकते, म्हणून चिप स्कॅनर मागच्या डाव्या पायावरून फिरवला, काही नाही. वजन ठीक, पण मान सारखी ताणत होती आणि तोंडाला फेस. एक्स-रेमध्ये मानेच्या मधोमध गळ, स्वच्छ दिसत होता.

कासवाला भूल देणं ही वेगळीच गंमत आहे. मास्क लावून गॅस देत बसलात तर ते श्वास रोखून धरतं आणि संध्याकाळ होते, म्हणून मानेच्या शिरेतून इंजेक्शन. गळ तोंडातून ओढायचा नाही, उलटा काटा अन्ननलिका फाडत येतो. मानेच्या बाजूला छोटा छेद घेतला, टोक तिथून बाहेर काढलं, हार्डवेअरच्या दुकानातल्या वायर कटरनं काटा तोडला (उकळून घेतलेला, घाबरू नका), मग उरलेली दांडी तोंडावाटे अलगद सुटली. डॉप्लरवर (ठोके ऐकवणारं यंत्र) हृदयाचे ठोके शेवटपर्यंत नीट, टाके बारीक, एकदम मस्त काम झालं, उगाच नम्रपणा कशाला. नंतर ओल्या टॉवेलवरच ठेवायचं, अर्धवट शुद्धीत पाण्यात गेलं तर बुडून मरतं. हे व्हॉलंटियर्सना दर वेळी ओरडून सांगावं लागतं, त्यांना प्रेमाचा फार उमाळा.

गळाला दोरीचा बोटभर तुकडा होता आणि तो सुरीनं कापल्यासारखा सरळ, दातांनी कुरतडलेला नाही. म्हणजे कुणीतरी गळाला लागलेलं कासव पाहून दोरी कापलीय. पाळलेल्याच्या घशात गळ कुठून येणार, म्हणजे हे रानातलंच. माझे साहेब म्हणतात कुणी पाळून सोडून दिलेलंही गळ गिळू शकतं, आणि ते चूक नाही, पण रानातली कासवं अजून उरलेली असू शकतील असं ते तळं मला हवं होतं.

आणि तो सांगणार कसा? कासव कायद्यानं संरक्षित, गावोगावी आम्हीच पोस्टर लावलेत, दंडाचा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात. लोकांनी बरोब्बर तेवढंच वाचलं. राजधानीत बसून पोस्टर काढणाऱ्यांना याचं काही नाही, त्यांच्या रिपोर्टात जनजागृती झाली.

वर आमच्या फील्डच्या सहकाऱ्यानं माझ्यासमोर बादलीवाल्याच्या हातात फेरीचे आणि पेट्रोलचे पैसे ठेवले. मी भडकले, उद्यापासून कासवाला भाव फुटेल म्हटलं, व्यापाऱ्यांनी हेच केलं होतं ना? सहकारी म्हणाला, माणूस दिवसाची मजुरी बुडवून आलाय, रिकाम्या हातानं पाठवला तर पुढचा माणूस त्याच तळ्याकाठी कासव विकून मोकळा होईल. दोघंही रागात. त्यानंतर भाव विचारणारे फोन आले हे खरं, आणि पोस्टर पाहून आजवर एकही कासव आलेलं नाही हेही खरं. मला अजून ठरवता येत नाही.

मादी बरी आहे, मासे खातेय. पण पूर्व आणि पश्चिम रोटेतली कासवं थोडी वेगळी मानतात, मिसळायची नाहीत, म्हणून ती वेगळ्या टाकीत. डीएनएचा नमुना परवानगीची वाट बघत फ्रीझरमध्ये पडलाय, फॉर्मवर मूळ ठिकाणाचा रकाना कोरा, आणि साहेबांनी तो पूर्ण करून द्या म्हणून मेल केलाय.