मुरुमावर रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० मोटरसायकल: पहिल्यांदा उतरताना

डांबर सोडण्याआधी हवा कमी करा, साधारण २५ पीएसआयपर्यंत. ट्यूबचे टायर असतील तर त्याखाली जाऊ नका; दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते. मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करा, नाहीतर सुट्या खडीच्या उतारावर मागचा ब्रेक सारखा सुटत राहतो आणि गाडी थांबतच नाही.

मग फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहा. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल ठेवा. हँडल घट्ट आवळलं की पुढचं २१ इंची चाक दगडावरून स्वतः वाट काढू शकत नाही, तिथेच नवखे पडतात. नजर १५-२० मीटर पुढे हवी.

१९६ किलोची गाडी पडायला लागली तर पाय घालून अडवू नका, सोडून द्या! परत डांबरावर येताच हवा भरा.